धावांची महागाई आणि कर्नल सी. के. नायडू

कर्नल कोट्टारी कनकय्या नायडू यांची प्रथम श्रेणी क्रिकेटमधली फलंदाजीची सरासरी ३५.९४ आहे. विजय मर्चंट यांची ७१.६४, तर विजय हजारे यांची ५८.३८. मोबाइलवर बोट फिरवले की हे आकडे समोर येतात. हल्ली घराघरांत मुले जुन्या-नव्या खेळाडूंचे संघ बांधून आपापसात सामने खेळवतात. त्या संघांत मर्चंट असतात, हजारे असतात, पण नायडूंचे नाव निघाले की मुले सरासरी पाहतात आणि पुढच्या नावाकडे वळतात. पस्तीसचा फलंदाज कोण घेणार? मुलांचा हिशेब चुकीचा आहे असे आम्ही म्हणणार नाही. पण तो अर्धाच केलेला आहे.

आमच्या आधीच्या पिढीत, विशेषतः इंदूर, देवास, धार आणि नागपूरकडून भोपाळला आलेल्या घरांत, सी. के. हे नाव घेताना वडीलधारी माणसे कानाच्या पाळीला हात लावत, जसा गवई आपल्या उस्तादाचे नाव घेताना लावतो. ती माणसे भाबडी नव्हती. त्यांनी नायडूंना खेळताना पाहिले होते आणि त्यांना ३५.९४ हा आकडा माहीतही नसेल. मग खरे कोणाचे मानायचे, आजोबांचे की मोबाइलचे?

टी. टी. नगरात राहणाऱ्या आमच्यासारख्या सरकारी नोकरांना हा प्रश्न समजायला अवघड जाऊ नये. १९५६ साली मध्यप्रदेश राज्य झाले, नागपूर आणि ग्वाल्हेरहून कर्मचारी भोपाळला आले, त्या वेळचा कारकुनाचा पगार आणि आजचा पगार शेजारी शेजारी ठेवून आजचा कारकून कितीतरी पट श्रीमंत झाला असे कोणी म्हणत नाही. मध्ये महागाई आहे. तिचा निर्देशांक आहे, त्यावर भत्ता ठरतो. बांधकाम खात्यात तर दरसूचीचे वर्ष विचारल्याशिवाय जुन्या अंदाजपत्रकाला कोणी हात लावत नाही. धावांचेही तसेच आहे. क्रिकेटमध्ये धावा कधी स्वस्त असतात, कधी महाग. नायडूंचे वैशिष्ट्य असे की ते महाग धावांच्या काळात घडले, स्वस्त धावांच्या काळात म्हातारे झाले, आणि दोन्हीकडे खेळले. त्यांचे चरित्र म्हणजे या बदलाशी जुळवून घेत गेलेल्या एका माणसाची गोष्ट आहे.

त्यांचा जन्म ३१ ऑक्टोबर १८९५ रोजी नागपूरचा. घराणे तेलुगु, पण नागपुरात रुजलेले. वडील सूर्यप्रकाश राव केंब्रिजला शिकून आलेले वकील. नागपूर ही त्या वेळी मध्य प्रांताची राजधानी होती. शाळा, कॉलेजे, क्लब, इंग्रज अधिकारी, सगळे तिथे होते आणि त्यामुळे क्रिकेटही होते. मात्र गवताच्या चांगल्या खेळपट्ट्या दुर्मीळ. टणक जमिनीवर काथ्याची चटई ताणून खिळे ठोकले की झाली खेळपट्टी. त्या चटईवर चेंडू उसळायचा आणि कातरासारखा वळायचा. पाय पुढे टाकून चेंडू अडवत बसणाऱ्याचा तिथे निभाव लागत नसे. चेंडू टप्पा घेऊन फणा काढण्याआधीच त्याच्यापर्यंत पोहोचायचे आणि त्याला उचलून मारायचे, हा तिथला शहाणपणाचा मार्ग होता. नायडूंची उंच शरीरयष्टी, लांब हात आणि पुढे सरसावून मारण्याची सवय, या सगळ्याकडे आपण आज बेदरकारपणा म्हणून पाहतो. आमच्या मते ती त्या जमिनीवरची काटकसर होती. दहा चेंडू नुसते खेळून काढण्याची ऐपत कोणाला नव्हती, कारण अकरावा चेंडू घात करणार हे ठरलेले असे.

१९१६ साली मुंबईच्या चौरंगी सामन्यांत हिंदू संघाकडून युरोपियन संघाविरुद्ध ते पहिला प्रथम श्रेणी सामना खेळले. हिंदूंचे सात गडी ७९ धावांवर बाद झाले होते, तेव्हा हा वीस-एकवीस वर्षांचा नागपूरकर मैदानात उतरला. पहिले तीन चेंडू त्यांनी अडवले आणि चौथ्यावर षटकार मारला. यातला एक बारकावा आजच्या मुलांना सांगण्यासारखा आहे. फार पूर्वी इंग्लंडमध्ये चेंडू सीमारेषेबाहेर पडला तरी सहा धावा मिळत नसत, तो पार मैदानाबाहेर जावा लागे. १९१०च्या सुमारास तो नियम बदलला आणि सीमारेषा हवेतून ओलांडली की सहा धावा मिळू लागल्या. म्हणजे नायडू पहिला षटकार मारत होते तेव्हा आपण ओळखतो तो षटकार स्वतःच जेमतेम सहा-सात वर्षांचा होता. त्याच्यावर भरवसा ठेवून डाव रचणारे फलंदाज तेव्हा आपल्याकडे फारसे नव्हते.

१९२३ मध्ये महाराज तुकोजीराव होळकर यांच्या बोलावण्यावरून ते इंदूरला आले. होळकरांच्या सैन्यात त्यांना हुद्दा मिळाला आणि पुढे ते कर्नल झाले. नागपूरचे सी. के. ते इंदूरचे कर्नलसाहेब हा प्रवास इथे झाला आणि त्यानंतर मरेपर्यंत इंदूर हेच त्यांचे गाव राहिले. आपल्या माळव्यातल्या मराठी माणसांना ते आपले वाटतात ते यामुळेच. घरात तेलुगु, गाव मराठी, चाकरी मराठी दरबाराची आणि बाजार माळवीचा, ही सरमिसळ आपल्याला परकी नाही.

१ डिसेंबर १९२६. आर्थर गिलिगन यांचा एम.सी.सी. संघ भारतात आला होता आणि बॉम्बे जिमखान्यावर हिंदूंशी सामना चालू होता. आदल्या दिवशी पाहुण्यांच्या गाय अर्ल यांनी षटकारांची आतषबाजी केली होती. नायडू खेळायला आले आणि दोन तासांच्या आत त्यांनी १५३ धावा काढल्या. त्यात ११ षटकार होते, एक तर जिमखान्याच्या छपरावर जाऊन पडला. बातमी गावात पसरत गेली तशी मैदानाभोवती माणसे वाढत गेली. पाहुण्या संघाने त्यांना चांदीची बॅट भेट दिली. याच दौऱ्यात प्रा. दि. ब. देवधरांनीही १४८ धावांची खेळी केली, आणि भारतीय संघ कसोटी खेळण्याच्या लायकीचा आहे ही गोष्ट पाहुण्यांनाच पटली. दोन वर्षांनी, डिसेंबर १९२८ मध्ये, भारताचे क्रिकेट नियामक मंडळ स्थापन झाले. त्या १५३ धावांचे मोल आजच्या भावात किती होईल याचा नेमका आकडा आम्ही देणार नाही. एका देशाला कसोटीचे दार उघडण्यात ज्या धावांचा हात होता त्यांना गुणक कोणता लावायचा?

आपल्यापैकी अनेकांची मुले अमेरिकेत स्थायिक आहेत आणि नातवंडे तिकडे बेसबॉल पाहतात. त्यांना हा मुद्दा चटकन कळेल, म्हणून थोडे आडवळण घेतो. अमेरिकेचा बेब रूथ हा नायडूंच्याच वर्षी, १८९५ मध्ये, काही महिने आधी जन्मला. त्याआधी बेसबॉलमध्येही चेंडू मैदानाबाहेर टोलवणे, म्हणजे होमरन, ही कधीतरी घडणारी गोष्ट होती. रूथने १९१९ मध्ये २९ आणि १९२० मध्ये ५४ होमरन मारले. त्या वर्षी दुसऱ्या क्रमांकावरच्या खेळाडूचे होते फक्त १९. पुढे सगळेच मारू लागले. १९३० मध्ये तिथल्या नॅशनल लीगमधल्या सगळ्या खेळाडूंची मिळून फटक्यांची सरासरी हजारात ३०३ होती. नंतर काळ फिरला, चेंडू टाकणारे वरचढ झाले आणि १९६८ मध्ये अमेरिकन लीगचा सर्वोत्तम फलंदाज अवघ्या ३०१ वर पहिला आला. म्हणजे एका काळचा सरसकट सगळ्यांचा हिशेब दुसऱ्या काळच्या अव्वल माणसाच्या वर! शेवटी १९६९ मध्ये चेंडू टाकणाऱ्याच्या पायाखालचा उंचवटा पंधरा इंचांवरून दहा इंचांवर आणावा लागला.

अमेरिकेत पत्ते आणि फासे घेऊन जुन्या बेसबॉलपटूंचे सामने घरी खेळवण्याचा नाद १९६० च्या दशकापासून जोरात आहे आणि आता तो संगणकावर आला आहे. त्या खेळ्यांना पहिल्याच दिवशी कळते की १९३० चा फलंदाज आणि १९६८ चा गोलंदाज आपापले आकडे जसेच्या तसे घेऊन समोरासमोर आणता येत नाहीत. ते काय करतात, तर प्रत्येक खेळाडूला त्याच्या स्वतःच्या हंगामातल्या सर्वसाधारण खेळाडूशी ताडून पाहतात. इतरांपेक्षा तो किती पुढे होता, तेवढेच त्याचे खरे भांडवल. तेवढे भांडवल घेऊन त्याला नव्या काळात उतरवायचे. आपल्या महागाई भत्त्यापेक्षा हे काही वेगळे नाही. आता नायडूंकडे वळू.

२५ जून १९३२ रोजी लॉर्ड्सवर भारत पहिली कसोटी खेळला. दौऱ्याचे कप्तान पोरबंदरचे महाराज आणि उपकप्तान लिंबडीचे राजपुत्र. दोघेही बाजूला राहिले आणि छत्तीस वर्षांचे नायडू भारताचे पहिले कसोटी कप्तान झाले. क्षेत्ररक्षण करताना त्यांच्या हाताला मार लागला होता, तरी पहिल्या डावात भारताच्या १८९ पैकी ४० धावा त्यांच्या होत्या आणि डावातल्या त्या सर्वाधिक होत्या. आपण १५८ धावांनी हरलो. ४० हा आकडा कोणाच्या डोळ्यांत भरणारा नाही, पण दुखऱ्या हाताने काढलेल्या त्या धावा संघाच्या पाचव्या हिश्श्याइतक्या होत्या. त्या दौऱ्यात प्रथम श्रेणी सामन्यांत त्यांनी पाच शतकांसह १,६१८ धावा केल्या आणि ६५ बळी घेतले. त्यांच्या षटकारांची संख्या ३२ होती. बर्मिंगहॅमला एक चेंडू त्यांनी रिया नदीपलीकडे मारला, आणि ती नदी तेव्हा दोन परगण्यांची हद्द असल्यामुळे चेंडू एका परगण्यातून दुसऱ्यात गेला अशी गंमत आजही सांगतात. पुढच्या वर्षी विस्डेनच्या पाच मानकऱ्यांत त्यांचे नाव आले. भारताकडून खेळून तो मान मिळवणारे ते पहिलेच.

डिसेंबर १९३३ मध्ये बॉम्बे जिमखान्यावर भारतभूमीवरची पहिली कसोटी झाली. समोर डग्लस जार्डिनचा संघ. दुसऱ्या डावात लाला अमरनाथ यांनी ११८ धावा काढल्या, तो दिवस सर्वांच्या लक्षात राहिला. त्या दिवशी दुसऱ्या टोकाला नायडू होते. दोघांची भागी १८६ धावांची आणि त्यात नायडूंच्या ६७. पूर्ण डाव २५८ चा, म्हणजे चौथ्या हिश्श्याहून जास्त. इथे एक गोष्ट आम्हाला महत्त्वाची वाटते. षटकारांचा राजा म्हणून ज्यांना ओळखत, त्यांनी त्या दिवशी तरण्याताठ्या अमरनाथला मोकळा सोडला आणि स्वतः टोक सांभाळले. काळाप्रमाणे बदलण्याची ही पहिली खूण.

१९३६ च्या इंग्लंड दौऱ्यावर कप्तानी विजयनगरमच्या महाराजकुमारांकडे गेली. त्या वेळी मंडळाचे अध्यक्ष आपल्या भोपाळचे नवाब हमीदुल्ला खान होते. त्या दौऱ्यातल्या भांडणांबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे, आम्ही त्यात जात नाही. ओव्हलवरच्या शेवटच्या कसोटीत गबी ॲलनचा वेगवान चेंडू अंगावर बसूनही नायडूंनी ८१ धावा केल्या. सात कसोटी, ३५० धावा, सरासरी बरोबर २५. तिथे त्यांचे कसोटी आयुष्य संपले. ते चाळीस वर्षांचे होते, आणि रीतीने पाहिले तर हे चरित्र इथेच संपायला हवे होते.

पण तिथून पुढे वीस वर्षे ते रणजी करंडकात खेळत राहिले, आणि याच वीस वर्षांत भारतातल्या धावांचा भाव कोसळला.

कारणे अनेक होती. १९३७ मध्ये मुंबईत ब्रेबॉर्न स्टेडियम उभे राहिले. चटया मागे पडत गेल्या आणि रुळाने दाबून दाबून गुळगुळीत केलेल्या खेळपट्ट्या आल्या. अमरसिंह १९४० मध्ये ऐन उमेदीत वारले, महंमद निसार उताराला लागले, आणि फलंदाजाच्या मनात धडकी भरवणारा वेग मैदानातून जवळजवळ नाहीसा झाला. महायुद्धामुळे परदेशी संघ येईनात. रणजीचा अंतिम सामना निकाल लागेपर्यंत चाले, कितीही दिवस लागोत. वेळेची चणचण नाही, चेंडूची भीती नाही, मग फलंदाजाने बाद व्हायचे कशासाठी? १९४३-४४ मध्ये मर्चंटनी महाराष्ट्राविरुद्ध नाबाद ३५९ केल्या. त्याच हंगामात पंचरंगी सामन्यात हजाऱ्यांनी आपल्या संघाच्या ३८७ पैकी एकट्याने ३०९ काढल्या. १९४८ च्या डिसेंबरात पुण्याला भाऊसाहेब निंबाळकर ४४३ वर नाबाद राहिले. पूर्वी दोनशेवर खुश होणारे संघ आता चारशेला नाक मुरडू लागले.

चटईवर वाढलेल्या, चाळिशी उलटलेल्या माणसासाठी हा काळ म्हणजे नव्या गावात बदली झाल्यासारखा. जुनी सवय घेऊन नायडू खेळत राहिले असते तर तीस-चाळीस धावांची चमक दाखवून बाद होत राहिले असते आणि लोकांनी टाळ्याही वाजवल्या असत्या. त्यांनी तसे केले नाही. होळकर संघ १९४१-४२ पासून रणजीत उतरला आणि त्याची बांधणी त्यांनी नव्या भावाचा विचार करून केली. फलंदाज लांबवर हवेत, नवव्या-दहाव्या क्रमांकापर्यंत. इंदूरचेच मुश्ताक अली, एम. एम. जगदाळे आणि भाया, सागरचे चंदू सरवटे, कोल्हापूरचे निंबाळकर, कमल भांडारकर, खंडू रांगणेकर. गोलंदाजीत वेग मिळणार नव्हता, म्हणून दिवसभर थकणार नाहीत असे फिरकीवाले घेतले. त्यांत हिरालाल गायकवाड, सरवटे आणि धाकटे बंधू सी. एस. नायडू. यातले सरवटे आमच्या विशेष जिव्हाळ्याचे, कारण ते शिक्षणाने वकील आणि बोटांच्या ठशांचे तज्ज्ञ. १९४६ मध्ये इंग्लंडला ओव्हलवर शुटे बॅनर्जींबरोबर शेवटच्या गड्यासाठी २४९ धावा जोडून दहाव्या आणि अकराव्या दोघांनीही शतके काढली, हे त्यांचेच काम. होळकर संघात शेपूट नव्हतेच म्हणा ना.

शिस्त कडक होती. लागले म्हणून मैदान सोडायचे नाही, हा कर्नलसाहेबांचा दंडक. तो त्यांनी स्वतःलाही लावला. वयाच्या पन्नाशीनंतर एका सामन्यात दत्तू फडकरांचा उसळता चेंडू तोंडावर बसून त्यांचे दात पडले आणि ते तसेच पुढे खेळत राहिले, ही हकिगत इंदुरात आजही सांगितली जाते.

१९४४-४५ चा अंतिम सामना ब्रेबॉर्नवर झाला. मुंबई ४६२ आणि ७६४, होळकर ३६० आणि ४९२. एका सामन्यात २,०७८ धावा! मर्चंट यांनी २७८ काढल्या. होळकरांकडून मुश्ताक अलींनी दोन्ही डावांत शतक ठोकले आणि युद्धाच्या निमित्ताने भारतात असलेले डेनिस कॉम्प्टन २४९ वर नाबाद राहिले. होळकरांपुढे जिंकायला ८६७ धावांचे लक्ष्य होते, आणि त्यांनी ४९२ केल्या तरी सामना ३७४ धावांनी गेला. पण आम्हाला त्या सामन्यातला सगळ्यात बोलका आकडा वाटतो तो सी. एस. नायडूंचा. त्यांनी सामन्यात १५२.५ षटके, म्हणजे ९१७ चेंडू टाकले आणि ४२८ धावा देऊन ११ बळी घेतले. जुन्या भावाने पाहिले तर बळीमागे ३९ धावा देणारा गोलंदाज संघात ठेवायलाही कोणी तयार झाले नसते. इथे तोच संघाचा आधार होता. धावा स्वस्त झाल्या की बळी महाग होतात, हे हिशेबाचे दुसरे पान लोक उलटतच नाहीत.

पुढच्याच हंगामात इंदूरला उपांत्य सामन्यात होळकर संघाने म्हैसूरविरुद्ध ८ बाद ९१२ वर डाव घोषित केला. सहा शतके झाली: भांडारकर १४२, सरवटे १०१, जगदाळे १६४, सी. के. नायडू १०१, निंबाळकर १७२, प्रतापसिंह १००. एका डावात सहा शतकवीर हा जागतिक विक्रम. नायडूंचे शतक त्यात आहे, पण आमच्या हिशेबाने ते शतक फार वजनाचे नाही. ९१२ मधल्या १०१ म्हणजे नववा हिस्सा. सगळ्या गावाला बोनस मिळाला त्यात यांनाही मिळाला.

त्यानंतर बडोद्याविरुद्ध अंतिम सामना, इंदूरच्याच यशवंत क्लबच्या मैदानावर. तोच संघ, तोच हंगाम. या वेळी होळकरांचा पहिला डाव ३४२ वर संपला. त्यात नायडूंच्या २००. बाकी सगळ्यांनी मिळून १४२, अवांतर धरून. वय पन्नास. होळकर ५६ धावांनी जिंकले आणि रणजी करंडक पहिल्यांदा इंदूरला आला. ही २०० त्यांची आयुष्यातली सर्वोच्च खेळी. कोणी म्हणेल की ती स्वस्ताईच्या काळातली. असेलही. पण स्वस्ताईत ज्या दिवशी बाकीच्यांना काही मिळाले नाही त्या दिवशी मिळवलेले आहे ते. याच ठिकाणी मोबाइलमधला सरासरीचा आकडा आंधळा ठरतो. त्याच्या वहीत म्हैसूरची १०१ आणि बडोद्याची २०० एकाच शाईने लिहिलेली आहे.

काळ उलटूनही बसतो. मार्च १९४७ मध्ये पुन्हा अंतिम सामना, पुन्हा बडोदा, या वेळी बडोद्याच्या मैदानावर. बडोद्याचे ३ बाद ९१ असताना हजारे आणि गुल महंमद एकत्र आले आणि ५७७ धावांची भागी करून गेले. गुल महंमद ३१९, हजारे २८८. कुठल्याही गड्यासाठी जगातली सर्वात मोठी भागी म्हणून ती २००६ पर्यंत टिकली. होळकर २०२ आणि १७३, एक डाव आणि ४०९ धावांनी हार. एक्कावन्न वर्षांचा कप्तान त्या ५७७ धावा होईपर्यंत मैदानात उभा होता. चटईवर सात बाद ७९ पासून सुरू झालेला माणूस इथवर आला होता. अशी हार खाऊन पन्नाशीतला माणूस बॅट माळ्यावर टाकतो. नायडू पुढच्या हंगामात परत आले आणि मुंबईला हरवून करंडक घेऊन गेले. मग १९५०-५१ मध्ये, मग १९५२-५३ मध्ये. १९४४-४५ ते १९५४-५५ या अकरा हंगामांत होळकर संघ दहा वेळा अंतिम सामन्यात पोहोचला आणि चार वेळा जिंकला. मुंबईला एवढा सातत्याने टक्कर देणारा दुसरा संघ त्या काळात नव्हता.

आता सुरुवातीच्या तुलनेकडे. आकडे दुरुस्त केले की नायडू मर्चंटच्या वर जातात का? आमच्या मते नाही, आणि तसे भासवणे अन्यायाचे होईल. मर्चंट हे केवळ स्वस्ताईचे अपत्य नव्हते. १९४६ च्या ओलसर इंग्लिश उन्हाळ्यात त्यांनी ७४.५३ च्या सरासरीने २,३८५ धावा केल्या होत्या. निव्वळ फलंदाज म्हणून ते वरचेच. पण ७१ आणि ३५ यांच्यामधली ती दुपटीची दरी खरी नाही. नायडूंच्या धावांत महाग काळातले वीस हंगाम आहेत. कसोटीत खेळायला मिळेपर्यंत छत्तिशी आलेली आहे. साठीनंतरचे डावही त्याच सरासरीत मोजलेले आहेत. शिवाय ४११ बळी आहेत, बळीमागे २९.२८ धावा देऊन, आणि ते सरासरीच्या रकान्यात दिसत नाहीत. आमच्या संघात ते चौथ्या क्रमांकावर येतील आणि कप्तानही तेच असतील. मर्चंट सलामीला खेळतील, आणि आमची खात्री आहे की त्यांना याबद्दल तक्रार नसेल.

१९५५ मध्ये होळकर संघ संपला आणि त्याच्या जागी मध्य भारत, मग मध्यप्रदेश आला. नायडू थांबले नाहीत. १९५३-५४ मध्ये त्यांनी नव्या आंध्र संघाला रणजीत उतरवले होते. १९५६ साली त्यांना पद्मभूषण मिळाले, क्रिकेटपटूला मिळालेले ते पहिले. आणि त्याच हंगामात, एकसष्टाव्या वर्षी, ते उत्तर प्रदेशाचे कप्तान म्हणून रणजी खेळले आणि अर्धशतकही काढले. ज्या वयात आपण निवृत्तीवेतनाच्या कागदांची फाइल घेऊन हिंडतो त्या वयात! १९६३-६४ मध्ये एका मदतनिधीच्या सामन्यात ते शेवटचे मैदानात दिसले, तेव्हा ते अडुसष्ट वर्षांचे होते. १४ नोव्हेंबर १९६७ रोजी इंदूरला त्यांचे निधन झाले. त्यांच्या कन्या चंद्रा नायडू इंदुरातच प्राध्यापिका होत्या. क्रिकेटचे धावते वर्णन करणाऱ्या भारतातल्या पहिल्या महिला त्या, आणि वडिलांवर त्यांनी पुस्तकही लिहिले. २०२१ मध्ये त्याही गेल्या. तरुण खेळाडूंची कर्नल सी. के. नायडू करंडक स्पर्धा मात्र दरवर्षी होते.

होळकरांच्या १९५२-५३ च्या विजयानंतर रणजी करंडक या मातीत परत यायला जून २०२२ उजाडला. बंगळुरूला मध्यप्रदेशाने मुंबईला सहा गड्यांनी हरवले. प्रशिक्षक चंद्रकांत पंडित, कप्तान आपल्या भोपाळचा आदित्य श्रीवास्तव. पहिल्या डावात ५३६ धावा आणि त्यात यश दुबे, शुभम शर्मा आणि रजत पाटीदार यांची तीन शतके. पुढच्या वेळी घरातली मुले संघ बांधायला बसतील तेव्हा त्यांना हा संघ यशवंत क्लबच्या मैदानावर १९४६ च्या होळकरांसमोर उतरवायला सांगा. नाणेफेकीआधी दोन्ही संघांच्या धावांचा भाव एकदा जुळवून घ्या म्हणावे.